पाणी तुझं, तेल माझं

मल्लाप्पा,

तुला मातीत बसवलं त्याला आज पाच दिवस झाले. येत्या रविवारी रायफल क्लबात तुझी शोकसभा आहे. सेक्रेटरी साहेब परवा घरी आलते. म्हणाले, "दत्तूमामा, तुम्ही नुसतं बोला, मी लिहून घेतो. अप्पांबद्दल चार चांगले शब्द पाहिजेत." मी म्हटलं, बोलणार नाही, लिहिणार. ते माझ्या तोंडाकडं बघत बसले. माझी शाळा तिसरीपर्यंत, हे त्यांना ठाऊक आहे. असू दे. मी सांगायला गेलो तर ते मधेच गोड करतील, आणि हे गोड करण्यासारखं नाही. म्हणून कोपऱ्यावरनं शंभर पानी वही आणली आणि बसलो. चुका असतील. कुणी समजून घेतल्या तर घेतल्या, नाही तर नाही.

तू कुठं जन्मलास, पलटणीत किती वर्षं काढलीस, कसले बिल्ले मिळाले, ते साहेब वाचून दाखवणार आहेत. ते त्यांच्याकडं राहू दे. मला किटलीचं लिहायचं आहे.

तुझी माझी गाठ पडली तीच किटलीवरनं. मी उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. काम सुटलं आणि रविवारी क्लबात निशाणांचे बोर्ड उभे करायला जायला लागलो. तू पलटणीतनं आर्मरर म्हणून सुटून आलेला, मुरगूडकडचा, आणि क्लबानं तुला हत्यारं सांभाळायला ठेवलेलं. पहिल्याच रविवारी बघतो तर शेडच्या मागं एक माणूस स्टोव्हवर किटली चढवून बसलाय, मांडीवर क्लबाची मोठी रायफल, आणि त्या रायफलीच्या नळीत तो भळाभळा उकळतं पाणी ओततोय. तासून पुसून काढलेल्या लोखंडाला आम्ही घामाचा हातसुद्धा लागू द्यायचो नाही.

"आरं ए, लोखंडावर पाणी वततोस? डोकं ठिकाणावर हाय का?"

तू मान वर केली नाहीस. "पावणं, जरा लांब हुबं ऱ्हावा. शितोडं बसत्याल."

"पावणं कुणाला म्हणतोस? मी हितलाच हाय."

"मग हितल्या माणसानं किटली धरावी. माजा हात भाजाय लागलाय."

मी धरली. का धरली ते मला आजवर कळलेलं नाही. मी कुणाचं ऐकणारा माणूस नव्हे.

क्लबात मोठी रायफल ती एकच, थ्री नॉट थ्री. बाकीच्या सगळ्या बारक्या नळीच्या. तिच्यासाठी दोन जातीची काडतुसं असायची. एक नव्या पेटीतली, आणि एक जुन्या लाकडी पेट्यांतली, लढाईच्या जमान्यातली, पितळ काळं पडलेली. जुनी पुष्कळ होती, म्हणून तीच जास्त उडवायचे. तू सांगायचास की ह्या जुन्या काडतुसाच्या बुडाला जी टोपी असते, तिच्या दारूत क्षार असतो. बार झाला की तो क्षार नळीत जाऊन चिकटतो. तो मिठासारखा. डोळ्याला दिसत नाही, चिंधीला लागत नाही, पण हवेतलं पाणी ओढून घेतो आणि दोन दिवसांत नळी खायला लागतो. तेलानं तो जात नाही. पाण्यानंच जातो, आणि पाणी उकळतं पाहिजे, म्हणजे नळी तापून आपली आपण वाळते.

त्यासाठी तू पापाच्या तिकटीच्या बाजारात एका तांबटाकडनं पितळेचं नरसाळं करून घेतलं होतंस. त्याची मान बदकासारखी वाकडी, मागच्या बाजूनं नळीत बरोबर बसायची. पहिली किटली ओतली की पुढनं काळं पाणी यायचं. दुसरी ओतली की राखाडी. तिसऱ्या किटलीचं पाणी तू बोटावर घ्यायचास आणि जिभेला लावायचास. कधी म्हणायचास, "उप्पु." आणि आणखी एक किटली चढवायचास. तुझ्या भाषेत उप्पु म्हणजे मीठ, हे मी तुझ्याकडनं शिकलो. तुझ्या कन्नडातला तेवढाच एक शब्द मला येतो.

"चाट की," म्हणायचास, बोट माझ्यापुढं करून. "चाट आणि मग भांड."

मी कधी चाटलं नाही. "नळीतली घाण चाटाय मी काय कुत्रं हाय?" असं म्हणायचो. खरं कारण वेगळं होतं. खारट लागलं असतं तर कबूल करावं लागलं असतं.

तुझ्या घरी एकदा तू दोन वाट्या मांडल्या होत्यास. एकीत पाणी, एकीत गोडेतेल. दोन्हीत चिमूट चिमूट मीठ टाकलंस आणि चमचा माझ्या हातात दिलास.

"ढवळ."

पाण्यातलं मीठ गेलं. तेलातलं तळाला बसून राहिलं.

"इरघळलं का?"

"ढवळलं की इरघळंल."

"ढवळ मग. दिवाळीपातूर ढवळ."

"भज्याच्या पिठात मीठ असतंय, ते तेलात पडलं की कुठं जातंय मग?"

आतनं गंगव्वा वहिनी म्हणाल्या, "भावजी, ते भज्यातच ऱ्हातंय. म्हणून तर भजी खारट लागत्यात." तू इतका हसलास की चष्मा पडला. मी तरी मान्य केलं नाही. वाटीतलं मीठ आणि नळीतला क्षार ह्या दोन गोष्टी वेगळ्या, असं म्हणून निघून आलो. चपला घालताना ऐकलं, तू वहिनींना म्हणत होतास, "लोखंड त्याला माज्यापरास जास्त कळतंय. तेवढं एक पाणी कळंना झालंय." मला ते आवडलं होतं. तुला सांगितलं नाही.

माझ्याकडं पुरावा होता ना. नव्या पेटीतली काडतुसं उडवली की मी मुद्दाम पाणी टाळायचो, नुसतं तेल ओढायचो आणि आठ दिवसांनी तुला नळी दाखवायचो. "बग, कुठं हाय गंज?" तू म्हणायचास, "ती नवी पेटी हुती, मुडद्या. तिच्यात क्षार नसतोयच." मला वाटायचं, हा सबबी सांगतोय.

शेवटी आपला तह झाला. पाणी तुझं, तेल माझं. तू तीन किटल्या ओतायच्या, मी नळी वाळली की गजाला चिंधी लावून तेल ओढायचं. एकानं दुसऱ्याच्या कामात पडायचं नाही. बारा वर्षं हा नेम चालला. क्लबात सगळ्यांच्या तोंडी बसला होता. कुणी विचारलं, रायफल झाली का, की सेक्रेटरी साहेबच म्हणायचे, "पाणी झालं, तेल राहिलंय." आणि ती नळी, मल्लाप्पा, आभाळाकडं धरून बघितली की डोळा दिपायचा.

आता त्या खंडेनवमीचं लिहितो. इथं माझा हात थांबतोय. चहा करून घेतो आणि मग लिहितो.

घेतला चहा.

त्या दिवशी सकाळी पुण्याचे एक पाहुणे आलते, मोठे नेमबाज. त्यांनी जुन्या पेटीतल्या पंधरा गोळ्या झाडल्या. मग नळी उघडून उजेडाकडं धरली आणि म्हणाले, इतकी वर्षं ही काडतुसं खाऊन नळी अशी कशी राहिली, कोण सांभाळतं हिला? सगळे म्हणाले, अप्पा. तुला आत बोलावलं. तू तेव्हा स्टोव्ह पेटवून किटली नुकतीच चढवली होतीस. "आलो रं," म्हणालास आणि धोतराला हात पुसत गेलास. आत तुला फेटा बांधला, नारळ दिला, फोटो काढला. मी खिडकीतनं बघत होतो. माझ्या हातात गज आणि चिंधी. त्या रायफलीची मोडकी घोड्याची पिन मी लेथवर करून दिली होती, तिचा खिळखिळा बोल्ट मी बसवला होता, बारा वर्षं तेल मी ओढलं होतं. माझं नाव कुणी काढलं नाही. तूसुद्धा काढलं नाहीस. त्या गडबडीत तुला सुचलं नसेल, हे आता कळतंय. तेव्हा कळून घ्यायचं नव्हतं.

किटलीचं झाकण थडथडायला लागलं होतं. मी नरसाळं हातात घेतलं आणि परत ठेवलं. मनात म्हटलं, आज ह्याचा निकालच लावू. पाण्याचा थेंब लावायचा नाही. नुसतं तेल. उद्या दसऱ्याला पूजेतनं हत्यारं उचलताना सगळ्यांसमोर नळी उघडायची आणि दाखवायची. हे बघा, तुमच्या अप्पाच्या किटलीशिवाय. तुझं वाईट करायचं माझ्या मनात नव्हतं. तुला हरवायचं होतं. बारा वर्षांत एकदा.

मी किटलीत पत्ती-साखर टाकली आणि सगळ्यांचा चहा केला. मग गजानं तेल ओढलं. पहिली चिंधी काळी आली, सहावी पांढरीशुभ्र. तू बाहेर यायच्या आत रायफल पाटावर मांडली होती, हळदकुंकू लावलं होतं, झेंडूचा हार घातला होता. तू आलास, तेलानं लखलखलेली नळी बघितलीस, हात जोडलेस. तेल दिसलं म्हणजे त्याआधी पाणी झालंच असणार, असाच आपला नेम होता. तुझ्या डोक्यात दुसरं काही येण्याचं कारणच नव्हतं. आणि पूजेला लागलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कुणी हलवत नाही.

दसऱ्याला माझा बेत फसला. साहेबांना सासुरवाडीला निघायची घाई. सोनं वाहून झालं न झालं तोवर त्यांनी हत्यारं कपाटात घातली, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेले ते नऊ दिवसांनी आले. एरवी तू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत चिंधी ओढून बघायचास. त्या डावाला किल्लीच नव्हती. परतीचा पाऊस लांबला होता, भिंतींना ओल आलती.

नऊ दिवसांनी कपाट उघडलं. तू बोल्ट काढलास, नळी उजेडाला धरलीस आणि तशीच धरून उभा राहिलास. मग चिंधी ओढलीस. ती गेरूसारखी तांबडी बाहेर आली. त्या दिवशी तू आठ किटल्या ओतल्यास, पितळी ब्रश फिरवलास, हाताची सालटी निघाली. गंज गेला. पण नळीच्या आतल्या पिळांवर देवीचे व्रण असतात तशी भोकं पडली होती, ती कशानं जाणार? बोर्डावर तळहाताएवढ्या जागेत पडणारा गोळ्यांचा घोळका त्या दिवसापासनं सुपाएवढा पसरायला लागला. रायफल बाद झाली.

साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी पाणी झालं होतं ना, अप्पा?"

तू माझ्याकडं वळलास. "दत्त्या, मी वतलंतं न्हवं?"

मी म्हटलं, "मला काय इचारतोस? पाणी तुजं, त्याल माजं."

"तू त्याल वढाय घेतलंस तवा नळी कशी हुती?"

"कोरडी."

मल्लाप्पा, मी एक शब्द खोटा बोललो नाही. नळी कोरडीच होती, तिला पाणी लागलंच नव्हतं. नऊ वर्षं मी ह्याच गोष्टीला धरून बसलो, की दत्तू खोटं बोलला नाही. खरं बोलून माणसाला गाडता येतं, हे मला त्या दिवशी आपसूक जमलं. शिकवायला लागलं नाही.

तू तुझ्या हातांकडं बघितलंस, उलटे करून, सुलटे करून. त्या सुमाराला तुझा चष्मा हरवत होता, एकदा पिशवी बाजारात विसरून आला होतास. त्या वयात सगळ्यांचंच तसं होतं. तू हळू म्हणालास, "मग मी इसरलो." साहेब म्हणाले, "असू दे अप्पा, वय झालं आता." त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं. तू कनवटीची स्टोव्हच्या खोलीची किल्ली काढलीस, टेबलावर ठेवलीस आणि चालत घरी गेलास. मी गजाला चिंधी गुंडाळत उभा होतो.

तू परत क्लबात आला नाहीस. मी दर गुरुवारी तुझ्याकडं यायचो. आपण उसाचं बोललो, निवडणुकीचं बोललो, तुझ्या मुलाच्या, शिवानंदाच्या बदलीचं बोललो. रायफलीचं नाव दोघांनीही घेतलं नाही. एकदा तू परड्यात होतास तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यास्नी काय झालंय बगा की. ग्यास बंद केला का बगाय चार चार डाव उठत्यात. दाराला कडी लावत्यात, परत काढत्यात, परत लावत्यात. म्हणत्यात, माज्या हातावर माजाच भरवसा न्हाई." मी म्हटलं, "वयानं होतंय, वहिनी." साहेबांचंच वाक्य मी उचललं. तेवढंही माझं स्वतःचं नव्हतं.

आणि माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा? माझ्या घरात कोण नव्हतं. तू महिनाभर दिवसातनं चार वेळा पायी यायचास, माझ्या डोळ्यात औषध घालायला. मी म्हटलं, "तुला ध्यान ऱ्हाईल का रं?" चेष्टेनं म्हटलं. तू हसला नाहीस. मनगटाला दोरा बांधला होतास. एक वेळ झाली की एक गाठ मारायचास, आणि चार गाठी झाल्या की दोरा सोडायचास. महिनाभरात एक वेळ चुकली नाही. माझी पापणी धरायचास तेव्हा बोटं कशी घट्ट असायची, नरसाळं धरायचास तशीच. ज्या माणसाला मी विसरभोळा ठरवला होता, तो मला दृष्टी देत होता. वर बघ म्हणायचास आणि मी वर बघायचो. तुझं तोंड एक वीत लांब. तेव्हा सांगायला किती शब्द लागले असते? मोजले तर चार. माझ्या गळ्यातनं ते वर आलेही होते. पण तू म्हणालास, "हलू नगंस, थेंब चुकंल," आणि मी हललो नाही. आभार तरी मानायचे, तेही राहिले. आज मानतो. उशिरा मानलेले आभार कसे पोचतात ते मला ठाऊक नाही.

शेवटच्या गुरुवारी तू खाटेवर होतास. आवाज बसला होता. मी उठायला लागलो तर माझा हात धरलास.

"दत्त्या, येक इचारू?"

"इचार की."

"त्या नवमीला मी किटली ठेवलीती. मला दिसतंय बग डोळ्याम्होरं. स्टोव्ह पेटवला, किटली चढवली. मग मला आत बोलावलं. फेटा बांधला. हितपातूर सगळं ध्यानात हाय. पुढचं गेलंय. नऊ वर्सं मी त्येच हुडकतोय. पुढं काय झालं रं?"

तुझं सगळं बरोबर आठवत होतं, मल्लाप्पा. एक कण चुकला नव्हता. पुढचं तुला आठवणार कसं, तू तिथं नव्हतासच.

मी म्हटलं, "आता त्येचं काय घिऊन बसलाईस? पड जरा."

तू हात सोडलास. "व्हय," म्हणालास आणि भिंतीकडं तोंड केलंस. मी पायऱ्या उतरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, परत फिरलो, तुझ्या दारापर्यंत आलो. आत वहिनी तुला पेज भरवत होत्या. म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगू. तू सोमवारी गेलास.

आमच्यात जाळतात आणि मोकळे होतात. तुमच्यात बसवतात. खड्ड्यात तुला मांडी घालून बसवलं, गळ्यात लिंग, कपाळभर विभूती. पाठ ताठ होती. वाटलं, आता हा मान वर न करता म्हणणार, पावणं, जरा लांब हुबं ऱ्हावा. मग मागनं कुणीतरी हाक दिली, "उप्पु! उप्पु!" आणि मिठाची दोन पोती पुढं आली. जाडं मीठ. तुझ्या मांडीशी, कमरेशी, छातीशी ते ओतायला लागले. तुमची रीत आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण तू जन्मभर जे लोखंडातनं काढत आलास, त्याच्यातच तुला छातीपर्यंत बसवलेलं मला बघवेना. शिवानंदानं माझ्या ओंजळीत मूठभर मीठ दिलं. मी ते परत पोत्यात टाकलं आणि माती घेतली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला रीत ठाऊक नाही. रीत ठाऊक होती. तुझ्या अंगावर मीठ टाकायचं माझं एकदा करून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी फडक्यात बांधलेलं नरसाळं आणून दिलं. "भावजी, हे तुमी न्या. हितं आता कोण हात लावायचं न्हाई." मी त्यांना तिथंच सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी येक डाव त्यास्नी सांगायचं हुतं की हो." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चहा विचारला नाही. मी उठून आलो. त्या दारात माझं येणं संपलं असेल तर त्याला मीच जबाबदार.

काल क्लबात गेलो आणि साहेबांना कपाट उघडायला लावलं. ती रायफल अजून तिथंच आहे, सगळ्यांच्या मागं, धूळ खात. मी स्टोव्ह पेटवला, किटली चढवली. साहेब म्हणाले, "मामा, ती तर बाद झालीय. आता कशाला धुताय?"

"धुवायची ऱ्हायलीया," मी म्हटलं.

"आठ किटल्यांनी धुतली होती की अप्पांनी."

"त्येनं धुतली. मी न्हाई."

मी नरसाळं बसवलं. निम्मं पाणी बाहेर गेलं, मनगट भाजलं. पुढनं तांबडं पाणी आलं. मी बोट त्या धारेखाली धरलं आणि जिभेला लावलं. आधी लोखंड लागलं, ती चव मला तीस वर्षांची ओळखीची. मग त्याच्या मागनं, अगदी जिभेच्या कडेला, दुसरं. इतक्या वर्षांनी त्या भोकांत ते टिकून राहिलं होतं, की मलाच लागायचं म्हणून लागलं, मी सांगू शकत नाही. पण लागलं.

"उप्पु," मी म्हटलं.

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"खारट हाय म्हटलं. अप्पाचं बरोबर हुतं."

तीन किटल्या ओतल्या. नळी इतकी तापली की हात लावता येईना. आपली आपण वाळली, तू सांगायचास तशी. मग तेल ओढलं.

रविवारी मी हे उभा राहून वाचणार आहे. साहेबांनी मधे थांबवू नये. ऐकणाऱ्यांनी नंतर मला क्लबात ठेवावं न ठेवावं, त्यांनी ठरवावं, मी विनवणी करणार नाही. पण अप्पा विसरला असं तिथं आजवर ज्यानं ज्यानं म्हटलं, त्यानं आपला शब्द मागं घ्यावा. सगळ्यांच्या आधी मी घेतो.

आणि मल्लाप्पा, तू विचारलं होतंस, पुढं काय झालं.

पुढं पाणी उकळलं. मी त्याचा चहा केला आणि आत आणून तुझ्या हातात दिला. तुझ्या डोक्याला नवा फेटा होता. एक घोट घेतलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "च्या करावा तर आमच्या दत्त्यानं."